तीनशे त्र्याऐंशीवा भागाकार

सा देक,
९ एप्रिल २०१६

थुअन भावोजींना नमस्कार.

इकडे मी ठीक आहे. शेवंतीची नवी रोपं टोपल्यांत लावून झाली. कालव्याला पाणी कमी आहे. तुमच्या डाक लाककडे विहिरी आटल्या असं पेपरात वाचलं. तुमची कॉफी जगली असेल अशी आशा करते. पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याचं विचारायचं असतं, ते विचारून झालं.

मी न्यान, दिएन मास्तरांची बायको, म्हणजे तुमची वहिनी. एकोणतीस वर्षांतलं हे माझं तुम्हाला पहिलं पत्र. फोन करता आला असता, फुलांच्या ट्रकवाल्याने तुमचा नंबर आणून दिला होता. पण फोनवर मला रडू येतं, आणि तुम्ही फोनवर ‘हं’ याशिवाय काही बोलत नाही असं तोच म्हणाला. नुसता ‘हं’ ऐकायला कोण फोन करील?

तुमचे दादा गेले हे तुम्हाला त्याच्याकडूनच कळलं. नंतर तुम्ही पाठवलेलं कॉफीचं पुडकं पोचलं. त्यात चिठ्ठी आहे की नाही मला माहीत नाही, कारण मी ते फोडलेलं नाही. कपाटावर आहे. ह्यांच्या आजारपणात तुम्हाला कळवायचं राहून गेलं. धावपळ होती. पत्ता सापडत नव्हता.

आता कामाचं लिहिते.

येत्या १४ जूनला सत्तावीस महिने पुरे होतात. दुखवटा संपेल. कपाळाची पांढरी पट्टी जाळायची, ह्यांच्या फोटोपुढचं रोजचं ताट बंद करायचं, आणि बागेतल्या थडग्यावर दगड बसवायचा. दगडावर काय कोरायचं ते हे सांगून गेलेत. नाव, साल, आणि खाली आमचा आकडा: ७०३१९८७.

तुम्हाला आठवत असेल. सात मार्च एकोणीसशे सत्त्याऐंशी. लग्नाची तारीख सलग लिहिली की सत्तर लाख एकतीस हजार नऊशे सत्त्याऐंशी होतात. मांडवात हे पेला घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, “मंडळी, मी पंधरा दिवस बसून भागून पाहिलंय. ही मूळ संख्या आहे! एक आणि ती स्वतः सोडली तर जगातल्या कुठल्याही आकड्याने तिला भाग जात नाही. तसंच आमचं दोघांचं!” माझ्या मावश्यांना काही कळलं नाही, पण टाळ्या त्यांच्याच मोठ्या होत्या. मी आत तिसरा पोशाख चढवत होते. मग तुम्ही काहीतरी ओरडलात. नेमका तेव्हा माझ्या डोक्यावरून कपडा ओढला जात होता, त्यामुळे मला ऐकू आलं नाही. मी बाहेर आले तोवर सासूबाई भाजलेल्या डुकराच्या परातीवर कोसळल्या होत्या आणि तुम्ही फाटकाबाहेर गेला होतात. तो विषय मला काढायचा नाही.

तर हा आकडा. हे गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले, पाहुणे गेले, आणि मला सकाळी फुलांना पाणी घातल्यावर काय करायचं ते कळेना. वाचायला घ्यावं तर एकेका ओळीवरच अर्धा तास जाई. मग म्हटलं, ह्यांनी पंधरा दिवसांत केलं ते आपण करून बघू. मी पाचवीपर्यंत शिकलेली, पुढचं सगळं ह्यांच्या कपाटातली पुस्तकं वाचून. सुरुवातीला मी चारने भागलं, सहाने भागलं, दहाने भागलं. मग ह्यांच्या पुस्तकात वाचलं की जिथे दोनने भाग जात नाही तिथे चार आणि सहा काय करणार? फक्त मूळ संख्यांनी भागायचं. तेही कुठपर्यंत, तर २६५१ पर्यंत. २६५२ ला २६५२ नेच गुणलं की आपला आकडा ओलांडला जातो, त्यामुळे पुढे शोधायला नको. हे वाचलं नसतं तर मी सत्तर लाखांपर्यंत जायला निघाले होते. वह्याही आणून ठेवल्या होत्या.

ह्यांच्या तरुणपणच्या वहीत जांभळ्या शाईने मूळ संख्यांची यादी आहे. तीच समोर ठेवली. आठवड्याला चार भागाकार. तेराने भागलं तर एकच उरला, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही; एकासाठी हुकला ना! परवा शेवटचा झाला, २६४७ ने. बाकी १५५५. एकूण भागाकार तीनशे ब्याऐंशी, आणि एकानेही भाग गेला नाही. प्रत्येकाचा ताळा पाहिलाय.

शेजारच्या साऊताईला हे सगळं वेगळंच वाटलं. तिची खात्री आहे की मास्तर वरून लॉटरीचे आकडे पाठवतात आणि मी उतरवून घेते. ९७ ने भागलं तेव्हा ६९ उरले. तिने ६९ वर लावलं आणि सोमवारी नेमके तेच आले! भाजलेलं बदक घेऊन आली, फोटोसमोर ठेवलं, म्हणाली, “मास्तर, कृपा असू द्या.” पुढच्या खेपेला १०१ ने भागून ६४ उरले. ते काही आले नाहीत. तर फोटोसमोर उभी राहून म्हणते, “मास्तर, बदक खाताना लाज नाही वाटली?” नंतर बाकी तीन आकडी यायला लागली तशी माझ्यावरच चिडली. “अगं, जरा लहान काढ की! एवढी मोठी बाकी कुठे लावू मी?”

पाथरवट बेनने आकडा पाहिला आणि विचारलं, “काकू, हा फोन नंबर का? मग पुढे गावाचा कोड घालावा लागेल.” साऊताईने लगेच लावून पाहिला. असा क्रमांक अस्तित्वात नाही, असं फोनमधल्या बाईने सांगितलं. साऊताई म्हणाली, “बघ, मास्तर उचलत नाहीत.”

बेनला मी म्हटलं की फोन नंबर वाटू नये म्हणून खाली ‘संख्या मूळ आहे’ असं कोर. तो म्हणाला, “काकू, दगड आहे. पाटी नव्हे, पुसता येणार नाही. कुणा जाणत्याला विचारून घ्या.” जाणते म्हणजे हेच होते. त्यांच्या शाळेतल्या नव्या मास्तरांना विचारलं तर ते मोबाइल काढायला लागले. दोन वर्षं मी हाताने केलेलं काम त्या डबीने एका मिनिटात सांगावं हे मला पटलं नाही. मी चहा पाजून त्यांना घालवून दिलं.

तुम्ही ह्यांच्यापेक्षा गणितात हुशार होतात असं हे एकदा म्हणाले होते. एकदाच. म्हणून विचारते. कोरू ना?

आणखी एक. सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली, पण त्यांचा नियम मी अजून पाळते. मामंजी ज्या वयात गेले तो आकडा या घरात बोलत नाहीत, लिहीत नाहीत. बदकाची अंडी मोजताना अजूनही बावन्न, पुढचं, चोपन्न. हेसुद्धा वर्गात ‘बावन्नच्या समोरचं पान उघडा’ असं म्हणायचे. पोरं हसायची, हेही हसायचे, पण बोलायचे नाहीत. सासूबाई म्हणायच्या, एकोणपन्नास सरत नाही तोवर पुढचा दारात, दोन्ही वयं घातकी. मी हे अंधश्रद्धा म्हणून सोडणार होते. मग हे त्याच वयात गेले. पोटातलं वर्ष धरून यंदा टेटला, नव्या वर्षाला, मला जे वय लागलं ते मी कुणाला सांगत नाही. साऊताईला वाटतं हा बायकी नखरा आहे.

उत्तर पाठवा. दगडाचं काम अडलंय.

कळावे, म्हणजे कळवावे,
न्यान


सा देक,
२९ एप्रिल २०१६

थुअन भावोजी,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. मी ते पाच वेळा वाचलं, तरी एक मिनिट लागलं नाही. तुम्ही लिहिता:

“वहिनी, तुमचा एक भागाकार कमी आहे. २६५१ पर्यंत मूळ संख्या तीनशे त्र्याऐंशी आहेत. कुठली राहिली ते मी लिहिणार नाही. मागच्या वेळी बोललो तर एकोणतीस वर्षं जेवायला बोलावणं आलं नाही.”

ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली. हे म्हणायचे, थुअन बोलला की खिळा ठोकल्यासारखा बोलतो. मला तेव्हा वाटायचं भावाचं कौतुक करतायत.

पहिलं म्हणजे, तीनशे ब्याऐंशी म्हणजे तीनशे ब्याऐंशी. मी प्रत्येक भागाकाराला अनुक्रमांक घातलाय. साऊताईला शेजारी बसवून पुन्हा मोजले. ती दोनदा झोपली, पण आकडा तोच आला. दुसरं म्हणजे, यादी ह्यांच्या हातची आहे. जो माणूस फळ्यावरचं पोरांचं एक चुकलेलं अधिक चिन्ह मागच्या बाकावरून ओळखायचा, तो अख्खी संख्या गाळील?

आणि जेवायचं म्हणाल, तर त्या दिवशी जेवण कुणालाच मिळालं नाही. डुकरावर सासूबाई होत्या.

तो विषय काढायचा नाही असं मी म्हटलं होतं. तुम्हीच काढलात, तर ऐका. मी त्या दिवशी सगळ्यांना विचारलं, थुअन काय बोलला? थोरले काका म्हणाले, “बोलू नये ते बोलला.” आत्या म्हणाली, “मुली, ते माझ्या तोंडून वदवू नकोस.” आचारी म्हणाला, “मी ऐकलंच नाही,” आणि कानावर हात ठेवले. सासूबाईंना विचारलं तर त्या परत पडल्या. नवी नवरी घरात आल्याच्या दिवशी दिराने मांडवात असं काय बोलावं, की आचाऱ्यालाही त्याचा उच्चार करवू नये? मी बावीस वर्षांची होते. माझ्या मनात काय काय आलं असेल? आमच्या गल्लीत एक शिंपी होता, तो माझ्याकडे बघून शीळ वाजवायचा. मला वाटलं, ते तुम्हाला कळलं. पुढे मूल झालं नाही तेव्हा सासूबाई म्हणायच्या, असला वांझ आकडा घेऊन लग्न लावलं, त्याला कसला भाग जाणार. मला वाटायचं हे पण तुमच्याच त्या बोलण्याचं शेपूट.

ह्यांना मी किती वेळा विचारलं. दर वेळी एकच उत्तर. “जाऊ दे गं, गणितातली गोष्ट होती.” मला वाटायचं, माझी अब्रू झाकतात बिचारे.

बेनने काम सुरू केलंय. तो थांबायला तयार नाही, पावसाच्या आधी त्याला तीन दगड संपवायचेत. आकडा कोरून झाला, आणि त्याच्या खाली ‘संख्या’ हा पहिला शब्द झाला. पुढचा शब्द मी अडवून धरलाय. त्याला रोज नाश्ता घालते म्हणजे तो छिन्नी उचलत नाही. माणूस भरपूर खातो.

वाचनालय सुट्ट्यांमुळे बुधवारपर्यंत बंद आहे. तिथे छापील यादी आहे. तुमची चूक निघाली तर तुम्ही मला दोन पानी पत्र लिहायचं, नमस्कारासकट.

न्यान


सा देक,
८ मे २०१६

प्रिय थुअन भावोजी,

हे पत्र मी तीन दिवस लिहितेय. कसे आहात? पाऊस आला का? इकडे काल शिंतोडा आला.

बुधवारी वाचनालयात गेले. तुयेत म्हणून मुलगी आहे तिथे, पुस्तकं देते-घेते. तिने कोष्टकांचं जुनं पुस्तक काढून दिलं. मूळ संख्या रांगेत, प्रत्येकीपुढे क्रमांक. मी माझी वही उघडली आणि शेवटाकडून ताडायला लागले. शेवटची २६४७. पुस्तकात तिचा क्रमांक ३८३. माझ्या वहीत ३८२. त्याच्या वरची पुस्तकात ३८२, माझी ३८१. असं एकेक बोट ठेवत दीड तास वर सरकले. सगळीकडे एकाचाच फरक.

तुयेत म्हणाली, “काकू, पुढून का नाही बघत? लवकर सापडेल.”

“पुढच्या मला पाठ आहेत,” मी म्हटलं.

“सगळ्या?”

“लहान मुलालाही पाठ असतात गं त्या.”

तिने पुस्तक ओढून घेतलं आणि पुढून मोठ्याने वाचायला लागली. “तेरावी एक्केचाळीस, चौदावी त्रेचाळीस, पंधरावी सत्तेचाळीस, सोळावी...” आणि तिने तो आकडा म्हटला. भर वाचनालयात. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. पेपर वाचणारे दोन म्हातारे बघायला लागले. तुयेत हाताखालून म्हणते, “काय झालं काकू? शिवी आहे का ही?”

माझ्या वहीत सोळावी एकोणसाठ होती. सत्तेचाळीसने भागून ३५ उरले, त्याखाली एकोणसाठने भागून १३. मधे काही नाही. दोन वर्षं ते पान माझ्या डोळ्यांसमोर होतं, भावोजी. मला एकदाही खटकलं नाही. अंडी मोजताना तिथे निदान ‘पुढचं’ तरी म्हणते. इथे मी तेवढंही म्हटलं नव्हतं.

घरी आले. वही घेतली. भाजक लिहिल्याशिवाय भागाकार मांडता येत नाही. पेन्सिल हातात धरून मी चहाचं आधण आटेपर्यंत बसले. मग ह्यांच्या फोटोकडे पाठ केली आणि लिहिला.

५३.

छप्पर जागेवर राहिलं. साऊताईचा कोंबडा आरवला, पण तो कशालाही आरवतो.

मला ह्याचा पाढा येत नाही, कधी म्हटलेलाच नाही. पानाच्या कडेला बेरजा करत करत पाढा तयार केला. एकने गेले, सतरा उरले. तीनने, चौदा उरले. दोनने, सहाने, सातने. शेवटी चारशे सत्त्याहत्तर उरले आणि मी कडेला पाहिलं. त्रेपन्न नव्वे चारशे सत्त्याहत्तर.

खाली शून्य.

तीनशे ब्याऐंशी भागाकारांत मी एकदाही शून्य पाहिला नव्हता. पहिल्यांदा वाटलं की चुकलं. ताळा पाहिला. बरोबर. एक लाख बत्तीस हजार सहाशे एकोणऐंशी वेळा भाग गेला, आणि उरलं काहीही नाही.

मग मी ह्यांची जांभळ्या शाईची वही काढली. तेच पान. सत्तेचाळीस, मग थोडी रिकामी जागा, मग एकोणसाठ. म्हणजे ही सवय लहानपणापासूनची. सासूबाईंना अक्षर येत नसलं तरी आकडे यायचे, त्या वह्या तपासायच्या, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ते पान बोटाला जाड लागायचं. मला वाटायचं ओल आली असेल. त्या दिवशी उजेडात धरलं तर दोन पानं एकमेकांना चिकटवलेली. भाताच्या खळीने. भाताच्याच भांड्यावर वाफ देऊन सोडवली.

आत एक भागाकार आहे. ७०३१९८७ भागिले ५३. खाली शून्य. तारीख ८ मार्च १९८७. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची. मी आत झोपले होते, आणि हा माणूस ओसरीत बसून भागत होता! त्याच्याखाली लाल शाईने, जशी पोरांच्या वह्यांवर करायचे तशी खूण: “दिएन: १० पैकी ०. थुअन: १० पैकी १०.” सही आणि शेरा. शेरा असा: “पाहिले.”

आठ मार्चला ह्यांनी मला दर वर्षी पिवळ्या शेवंतीची कुंडी दिली. लग्नाचा वाढदिवस सातला, हे द्यायचे आठला, तेही खाली बघत. मी म्हणायचे, महिला दिनाला सगळेच देतात, त्यात लाजायचं काय? सत्तावीस वर्षं माणूस माझ्याकडे माफी मागत होता आणि मी कुंडीला पाणी घालत होते.

म्हणजे तुम्ही मांडवात म्हणालात, दादा, बाबांच्या वयाने भागून बघ. एवढंच ना? की नुसता आकडाच ओरडलात? काहीही असो, माझ्याबद्दल काही नव्हतं. शिंप्याबद्दल नव्हतं. खरोखर गणितातली गोष्ट होती. ह्यांनी मला खरं तेच सांगितलं आणि मी विश्वास ठेवला नाही. पुरतं सांगितलं असतं तर आकडा मोडला असता, म्हणून अर्धं सांगितलं. तुम्हाला दहापैकी दहा दिले ते खळ लावून बंद केले. काय म्हणावं या मास्तराला! मी फोटोला म्हटलं, “बदक खाताना लाज नाही वाटली?” साऊताई पलीकडून हसली.

आता लिहायचं ते लिहिते. तीन दिवस याच्यासाठीच लागले.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की पत्ता सापडत नव्हता. पत्ता होता. सासूबाईंना तुम्ही टेटला पाठवायचात ती सगळी कार्डं माझ्याच पेटीत आहेत. इस्पितळातून ह्यांना घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी आठवडा सांगितला होता. हे म्हणाले, “थुअनला बोलाव.” मी हो म्हटलं. संध्याकाळी विचारलं, “पाठवलंस पत्र?” मी म्हटलं, पाठवलं. तारही केली म्हटलं. हल्ली तार होत नाही हेसुद्धा त्यांच्या लक्षात आलं नाही, इतके ते थकले होते. मी काहीही पाठवलं नव्हतं. माझ्या लग्नात मला नावं ठेवून गेलेला माणूस माझ्या दारात, माझ्या नवऱ्याच्या उशाशी बसलेला मला नको होता.

चार दिवस हे फाटकाकडे बघत होते. मी त्यांची खाट फाटकाकडे तोंड करून ठेवली होती. त्यांनीच सांगितलं तशी. पाचव्या दिवशी म्हणाले, “आला तर सांग, भाग गेला.” मला वाटलं बरळतायत, वर्गात असल्यासारखं. मी म्हटलं, “हो, गेला गेला, पडा.” त्यानंतर काही बोलले नाहीत.

सव्वीस महिने मी हा निरोप पोचवला नाही. आता पोचवते. भाग गेला.

माफी मागायची पद्धत मला येत नाही. ह्यांनाही येत नव्हती, कुंड्या द्यायचे. मी ते पान कापून या पत्रासोबत पाठवते आहे. लाल शाई जरा पसरलीय, ती वाफेने. ते पान तुमचं आहे, एकोणतीस वर्षं आमच्याकडे अडकून पडलं होतं.

दगडाचं असं झालंय. आकडा कोरलाय, खाली ‘संख्या’ कोरलंय, पुढे जागा आहे. बेनला मी सांगितलं की ‘मूळ’ लिहायचं नाही. तो म्हणाला, “मग ‘संख्या’ काय आहे ते तरी सांगा, नुसतं ‘संख्या’ म्हणजे लोक विचारतील कसली.” मला एक दिसतं ते सांगते, तुम्ही हसू नका. १३२६७९ ला मी आता भागायला घेतलंय. तो लहान आहे, ३६४ पर्यंतच जायचं. बाहत्तर भागाकार, आणि या वेळी यादी छापील पुस्तकातली. अर्धे झालेत, अजून भाग गेलेला नाही. तोही मूळ निघाला तर आमच्या आकड्यात दोनच जण आहेत. एक लहान, एक थोरला, दोघेही कुणाला न ऐकणारे, आणि गुणले की लग्नाची तारीख. मूळ संख्या म्हणजे तरी काय, एकटीच बसलेली ना! हे मला मांडवात कुणी सांगितलं असतं तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

दगडावर ते तसंच कोरायचं की कसं, ते तुम्ही ठरवा. इथे येऊन. पट्टी जाळताना समोर रक्ताचं माणूस लागतं, आणि या घरात तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. १४ जून, सकाळी. त्याच्या आधी दोन दिवस आलात तर बेनचा नाश्ता वाचेल. गाडी सा देकच्या पुलापाशी थांबते, तिथून कुणालाही मास्तरांचं घर विचारा, लॉटरीवाल्या साऊताईमुळे ते आता सगळ्यांना माहीत झालंय. डुक्कर भाजणार आहे. परात भिंतीला लावून ठेवीन, म्हणजे कुणी पडलं तरी बाजूला पडेल.

कपाटावरचं पुडकं आज फोडलं. चिठ्ठी नाही आत, मला वाटलंच होतं. कॉफी कडू आहे. चांगली आहे. एक पेला ह्यांच्या ताटाशेजारी ठेवला आणि दुसरा मी घेतला.

तुम्ही याल की नाही ते कळवू नका. कळवलंत तर मी ती चार ओळींची चिठ्ठी पुन्हा पाच वेळा वाचत बसेन. खाट मी परत ओसरीत ठेवलीय, फाटकाकडे तोंड करून. सकाळचे भागाकार तिच्यावरच बसून करते.

तुमची वहिनी,
न्यान,
वय वर्षं त्रेपन्न